चौघींचा स्वयंपाक

मैनाबाई चटकन हो म्हणाल्या आणि माझी पंचाईत झाली. बोलावणं मी केलं होतं ते 'नाही' ऐकायच्या तयारीनं. नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत मी मोठी बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, झाले, आणि मोठी बाई झालेलीनं बाकीच्या बायांना एकदा जेवायला घालायचं ही आमच्या शाळेतली जुनी रीत. हॉटेलातून पेढे आणि चिवडा मागवून मोकळं होता आलं असतं. पण मला कधी कधी अशी लहर येते. मधल्या सुट्टीत मी म्हणाले, "रविवारी सगळ्याजणी घरी या जेवायला." पार्वताबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला. "चातुर्मास हाये नं बाई. कांदा, लसूण, वांगं, काहीच चालत नाही मला. कशाला तुम्हाला ताप?" माणिकबाई म्हणाल्या, "माझा रविवारचा अळणी उपास असतो." मी मान हलवत होते. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. आणि मग यंदाच बदली होऊन आलेल्या, वलगावहून रोज बसनं येणाऱ्या मैनाबाई डबा बंद करता करता म्हणाल्या, "मी येईन. मले सगळं चालते. काय करसान?" पार्वताबाई चष्मा पुसायच्या थांबल्या. कुणी मला इतक्या वर्षांत विचारलंच नव्हतं, की काय कराल म्हणून.

घरी जाताना माझे पाय भराभर पडत होते आणि मला माझाच राग येत होता. चाळिशी उलटलेल्या बाईनं एका जेवणासाठी असं हुरळून जावं? पण हुरळले होते, हे खरं. नकारांची मला चांगली पारख आहे. 'आत्ताच जेवून आले' हा घाईचा नकार. 'आज उपास आहे' हा सभ्य. 'पोट बरं नाही' हा प्रेमळ, कारण त्यात माणूस स्वतःकडे कमीपणा घेतो. आणि सगळ्यात सुशिक्षित नकार म्हणजे 'डॉक्टरांनी सांगितलंय.' त्यावर कुणी काही बोलू शकत नाही. असं सांगून झालं की पाहुणी केळं घेते. सालीच्या आतलं बाटत नाही, हे शास्त्र कुणी ठरवलं कुणास ठाऊक, पण सगळ्यांना पाठ आहे. माझे यजमान किसनराव बडनेऱ्याला रेल्वेत होते, ते होते तोवर हसून म्हणायचे, आपण घरी एक केळीचं झाडच लावू. ते गेल्यावरही मी कुणी येणार म्हटलं की केळी आणत राहिले. आमच्या फ्रेजरपुऱ्याच्या कोपऱ्यावरच्या केळीवाल्याला वाटतं, बाई कसलं तरी कडक व्रत करतात.

व्रत होतंच तसं, पण ते त्याला ठाऊक नव्हतं. शाळेतही कुणाला ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात माझा घसा सारखा कोरडा पडायला लागला, रात्री तांब्यावर तांब्या पाणी लागायला लागलं, नववारीच्या निऱ्या सैल पडायला लागल्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काचेच्या नळीतल्या निळ्या पाण्यात लघवीचे थेंब टाकून ते दिव्यावर धरलं आणि त्याचा रंग बघता बघता विटकरी झाला. "साखर आहे," ते म्हणाले. "भाकर किती खाता?" मी म्हणाले, "तीन." त्यांनी मान हलवली. "भाकर बंद. पोळी बंद. भात, बटाटा, गूळ, साखर बंद. पालेभाजी खा, कारलं खा, ताक प्या. अंडं, मटण चालत असेल तर खा." चालत असेल तर! मला हसू आलं. ते त्यांना कळलं नाही. मी विचारलं, "भाजी मग कशाशी खायची?" ते म्हणाले, "नुसतीच खायची." इतकं सोपं असल्यासारखं ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

नुसती भाजी खाऊन बघावी कुणीतरी. तोंडाला चव येते, पण हाताला काही काम राहत नाही. जन्मभर हातानं कुटका मोडायचा, कालवणात बुडवायचा, तोंडात घालायचा. आता हात ताटाजवळ जातो आणि थबकतो. भाजी वाटीत, ताक पेल्यात, मधे ताट रिकामं. पहिल्या आठवड्यात मी चमचा वापरला, तर दवाखान्यातल्या रोग्यासारखं वाटलं, मग सोडून दिला. पोट भरतं आणि जेवण झालं असं मात्र वाटत नाही. कधी कधी उगाच एक भाकर थापून तव्यावर टाकायची, तिचा वास घरभर झाला की शेजारच्या म्हातारीला नेऊन द्यायची. एकटीच्या घरात बोलणारं कुणी नसतं. निदान वास तरी जेवणाचा असावा. आईला हे कळलं असतं तर तिनं डॉक्टरला शिव्या दिल्या असत्या. अकोल्याकडच्या आमच्या गावात तिचा सगळा जन्म भाकरीमागं गेला. कापूस वेचायचा तो भाकरीसाठी, कुणाचं मेलेलं ढोर ओढायचं ते भाकरीसाठी. आम्हा भावंडांना ती अर्धी अर्धी द्यायची आणि स्वतः पाण्यात पीठ कालवून प्यायची. मी शिकले, नोकरीला लागले, माझ्या घरात ज्वारीची कोठी भरली, आणि आता माझ्या पोटाला ज्वारी चालेना. असल्या गोष्टीवर रडावं की हसावं हेच कळत नाही. मी बहुधा हसते.

शाळेत मी आजाराबद्दल बोलले नाही, त्याचं कारण दुसरंच होतं. 'डॉक्टरांनी सांगितलंय' हे शब्द मला माझ्या तोंडून ऐकायचे नव्हते. ते शब्द त्यांचे होते. ज्यांनी ज्यांनी माझ्या उंबऱ्यात उभं राहून ते मला ऐकवले, त्यांचे. मी त्यातल्या एकीवरही विश्वास ठेवला नव्हता. मधल्या सुट्टीत मी डब्याचं झाकण अर्धवट उघडून जेवायची, म्हणजे आत भाकर नाही हे कुणाला दिसायचं नाही. तसं दिसायचं कारणही नव्हतं. माझ्या डब्यात कुणी डोकावत नसे.

रविवारी पहाटेच उठले. पोळ्याचा दुसरा दिवस, त्यामुळं रस्त्यावर काल रात्रीचा गुलाल पडला होता. मी ठरवलंच होतं, की या वेळी कुणाला काही कारण सापडू द्यायचं नाही. पार्वताबाईंसाठी कांदा-लसणाशिवायचं वरण आणि दोडक्याची भाजी, नव्या पातेल्यात, नव्या पळीनं. माणिकबाईंसाठी बिनमिठाचा भोपळा, बिनमिठाची मुगाची डाळ, झाकणावर खडूनं खूण करून वेगळी ठेवलेली. मैनाबाईंसाठी वांग्याची झणझणीत भाजी, ज्वारीच्या भाकरी, भात, शेवयांची खीर. आणि कोपऱ्यात एका लहान पातेल्यात माझं कारलं. स्टोव्ह एक, शेगडी एक, आणि चौघींचा स्वयंपाक. एका पळीचा थेंब दुसऱ्या पातेल्यात पडू नये म्हणून मी जपत होते. मधेच मनात आलं, की भांडी वेगळी ठेवण्यात आपला हात किती बसलाय! जपायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. या विचारानं मन थोडं खट्टू झालं, पण काम खूप होतं. खीर चाखून बघता येत नव्हती. अंदाजानं साखर घातली.

पार्वताबाई आणि माणिकबाई बरोबरच आल्या. नकार द्यायचा तर दोघींनी मिळून द्यायचा, एकीला जड जातं. खुर्च्यांच्या काठावर बसल्या, पडद्यांचं कौतुक केलं, किसनरावांच्या फोटोला नमस्कार केला. मी म्हणाले, "पार्वताबाई, तुमचं कांदा-लसणाशिवायचं केलंय. भांडीसुद्धा नवी आहेत. माणिकबाई, तुमचं अळणी वेगळं आहे." त्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा मला कळलं, की मी त्यांची सोय केली नव्हती, कोंडी केली होती. आणलेली कारणं मी काढून घेतली होती आणि नवी त्यांना तिथल्या तिथं शोधावी लागत होती. पार्वताबाईंच्या कपाळावर घाम आला. "सकाळपासून पित्त उसळलंय हो," त्या म्हणाल्या. माणिकबाई म्हणाल्या, "अळणी आम्ही घरच्या चुलीवरचंच खातो. सासूबाईंनी लावून दिलंय." मला दया आली का? नाही आली. एक कडू समाधान झालं, कारल्यासारखंच. मी केळी पुढं केली. दोघींनी हात इतके चटकन पुढं केले, की वाटलं, आता सुटलो म्हणून बिचाऱ्यांना खरोखरच भूक लागली असावी.

त्या साली कुठं टाकाव्यात बघत असतानाच मैनाबाई आल्या. बस उशिरा सुटली म्हणून घामाघूम, खांद्याला कापडी पिशवी. दारातच म्हणाल्या, "वाढा बाई, सकाळपासून पोटात काही नाई. खास पोट रिकामं ठिवून आली." मोरीवर हातपाय धुतले आणि सरळ पाटावर येऊन बसल्या. मी वाढलं. त्यांनी भाकरीचा कुटका मोडला, वांग्यात बुडवला आणि तोंडात घातला. मी बघत राहिले. असं कुणाच्या तोंडाकडं बघू नये, पण मला नजर काढता येईना. पार्वताबाई खिडकीबाहेर बघत होत्या, माणिकबाई फोटोकडं. थोड्या वेळानं दोघी उठल्या, उद्या शाळेत भेटूच म्हणाल्या आणि गेल्या. मैनाबाईंनी मानही वर केली नाही. "वांगं कसं झक्कास केलं! अजून एक भाकर टाका. हे काय हाये? अळणी? आणा, तेबी खातो. इतकं रांधलं अन् कोण खाईन मंग?" त्यांनी सगळं खाल्लं. दोडकं खाल्लं, अळणी भोपळ्यावर मिरचीचा ठेचा घालून खाल्ला, खीर दोनदा घेतली. मधे एकदा म्हणाल्या, "तुमी काहून उभ्या? संग बसा नं." मी म्हणाले, "तुम्ही जेवा. मी मागून बसते." त्यांनी जास्त आग्रह केला नाही, वाढणारी बाई मागूनच बसते. मला इतका आनंद झाला होता, की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच एक पातेलं उचललं आणि परत ठेवलं. किसनराव असते तर त्यांना सांगितलं असतं. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून तो आनंद माझ्या छातीत नुसता इकडून तिकडं फिरत होता.

हात धुऊन मैनाबाई आल्या आणि त्यांनी पिशवी ओढली. "आता तुमी बसा. मी वाढतो." आतून पांढऱ्या स्वच्छ कपड्यात बांधलेलं काहीतरी काढलं. गाठ सोडली तसा वास आला. गूळ, जायफळ, तूप. पुरणाच्या पोळ्या होत्या, मऊसूत, एकीवर एक. "काल पोळा नं. तुमच्यासाठी सगळ्याच्या आंधी येगळ्या काढून ठिवल्या. सासू म्हणे, कोणाले नेतं? म्हटलं, आमच्या मोठ्या बाईले. खा. माह्या हातच्या हायेत."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खरं म्हणजे दोन महिन्यांत पुरणाचा वास इतक्या जवळून घेतला नव्हता. आणि त्याच क्षणी आईचं टोपलं डोळ्यांपुढं आलं. पोळा फुटला, बैल घरोघर गेले, की आई टोपलं घेऊन निघायची. मी तिच्या लुगड्याचा सोगा धरून मागं. दारादारात ती हाक द्यायची, "माय, पोळ्याची पोळी वाढा." आतून बाई यायची, हात उंच धरायची आणि पोळी वरून सोडायची. टोपल्यात पडली तर बरं. कधी काठावर आपटून खाली मातीत पडायची, आई ती उचलायची, फुंकायची, टोपल्यात टाकायची. वरच्या हाताचा चेहरा मला कधी दिसला नाही, मी फार लहान होते, मला फक्त बांगड्या दिसायच्या. पोळी मात्र गोड लागायची. तिच्यात चार घरांचं पुरण असायचं आणि मी ते मिटक्या मारत खायची, हे खोटं कशाला सांगू. मग छप्पन साली आई नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. पुढच्या पोळ्याला मी सुटीत गावी गेले होते. गावात पोळा फुटल्याचा गलका झाला तेव्हा आईनं ते टोपलं मोडून चुलीत घातलं आणि त्यावरच भाकरी भाजल्या. पाटलीणबाई स्वतः आमच्या वस्तीच्या तोंडापर्यंत आली होती. "काहून नाई आली वं भागीरथा? पोळ्या वाळून राहिल्या." आई दारातून उठली नाही. मला म्हणाली, "इंदे, पोट जळो नाईतर काई हो, त्याइची पोळ्याची पोळी आता तोंडात घालाची नाई. आपल्या तव्यावरचं खाचं." पुढं दोन वर्षांत ती गेली. तिच्या माघारी मी तिचं फारसं काही पाळलं नाही. पाळायचं असं एवढंच तर होतं.

मैनाबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी पोळी कपड्यासकट माझ्यापुढं धरली होती, खालून, दोन्ही हातांनी. त्यांचा चेहरा दिसत होता, घामेजलेला, हसरा. वरून काही पडत नव्हतं. मला ते सगळं कळत होतं. पण माझा हात पुढं जाईना. आणि मग माझ्या कानांनी माझाच आवाज ऐकला, अगदी गोड, सुशिक्षित. "मला साखर निघालीय हो मैनाबाई. डॉक्टरांनी सांगितलंय, गोड बंद."

त्या म्हणाल्या, "केव्हापासून?"

"झाले दोन महिने."

"शाळेत तर कोणाले बोलल्या नाई."

"नाही बोलले."

"मंग एक कुटका मोडा. इतलासा." त्यांनी नखाएवढा तुकडा दाखवला. "नुसता तोंडात घाला. माह्या मनाले बरं वाटन."

नखाएवढ्या तुकड्यानं कुणी मरत नाही. डॉक्टरसुद्धा काही म्हणाले नसते. मी म्हणाले, "केळं घेते मी. तुम्ही पण घ्या ना, केळी आहेत." का म्हणाले मी हे? मला केळंही बंदच होतं. मैनाबाई परडीतल्या केळ्यांकडं बघत राहिल्या. ती तिथं का असतात, हे त्यांना त्या क्षणी समजलं असावं. त्यांनी पोळ्यांवर कपड्याची एक बाजू आणली, मग दुसरी, आणि सावकाश गाठ मारली.

"मले वाटलं," त्या म्हणाल्या, "तुमी तरी असं म्हणणार नाई."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नव्हत्या. पिशवी खांद्याला लावली, पाट उचलून भिंतीशी ठेवला, आपलं ताट स्वतःच मोरीत नेऊन ठेवलं. "बस चुकन माही," म्हणाल्या. दारात चप्पल घालताना त्यांचा तोल गेला तर मी हात धरायला पुढं झाले, पण त्यांनी चौकट धरली.

मी फाटकापर्यंत गेले. भर दुपारचं ऊन होतं आणि त्या रस्त्याच्या कडेनं मोटार स्टँडकडं चालल्या होत्या, पिशवी पोटाशी धरून. मोठ्यानं हाक मारली असती तर ऐकू गेली असती. काय म्हणायचं होतं? खरंच साखर आहे म्हणून? कपाटात दवाखान्याची चिठ्ठी होती, गोळ्यांची बाटली होती. धावत जाऊन दाखवता आली असती. पार्वताबाईंनी मला कधी चिठ्ठी आणून दाखवली असती तर मी काय केलं असतं? वाचून हसले असते. आज त्यांचं पित्त खरंच उसळलं असेल का, असा विचार पहिल्यांदाच मनात आला, आणि त्याचं उत्तर आता मला कधीच मिळणार नव्हतं. आपण एकटे का आहोत हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, असं मी इतकी वर्षं समजत होते. त्या समजुतीवरच माझे दिवस चालले होते.

मैनाबाई वळणाजवळ पोचल्या. मला मागच्या महिन्यातलं अकोला आठवलं. भाऊ देवमनकडं गेले होते, त्याच्या पोरीचं बारसं होतं. भावजयीनं शिऱ्याची बशी हातात दिली, "ताई, माह्या हातचा हाये," म्हणाली. मी खाल्ला. वर आणखी मागून घेतला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात निळ्या पाण्याचा रंग असा काही झाला, की डॉक्टर माझ्यावर ओरडले, आणि मी खाली मान घालून ऐकून घेतलं. आपल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, एवढंच मला तेव्हा वाटलं होतं. त्या बशीपुढं मला डॉक्टर आठवलेच नव्हते.

वलगावच्या बसचा भोंगा वाजला. मैनाबाई धावायला लागल्या. मी हाक मारली नाही.